पालक हिरवा झाला म्हणजे निर्धोक झाला का?

प्रश्न : रायगड जिल्ह्यात आमची २० गुंठे तांबडी जमीन आहे. पावसाळ्यात भात आणि नंतर नाल्याच्या पाण्यावर पालक, माठ घेतो. वरच्या अंगाला कारखाने आल्यापासून पालक खुरटतो, पिवळा पडतो. दुकानदार म्हणतो, सिलिकॉन आणि जिवाणूंचं औषध वापरा, पीक जड धातू सहन करेल. घेऊ का? माती आरोग्य पत्रिका सोबत पाठवते आहे. – एक शेतकरी वाचक

उत्तर : ताई, औषधाचे पैसे तूर्त राखून ठेवा. दुकानदार खोटं सांगत नाही. सिलिकॉनने, काही जिवाणूंनी रोपाला कॅडमियमसारख्या जड धातूचा त्रास कमी होतो. पण रोप सहन करतं म्हणजे काय करतं? आत आलेलं कॅडमियम ते गंधक असलेल्या रेणूंनी बांधतं आणि पेशीतल्या पोकळीत कोंडून ठेवतं. कॅडमियम मुळांतच अडलं तर बरं. पालकात मात्र बरंचसं पानापर्यंत चढतं. मग रोप तरारतं, जुडी हिरवीगार दिसते आणि धातू खाणाऱ्याच्या ताटात जातो. मी तीस वर्षं मृदाशास्त्र शिकवलं. सगळ्यात जास्त काळजी मला अशा देखण्या भाजीचीच वाटते.

आधी एक रोप अलगद उपटून बादलीत धुवून पाहा. मुळं पांढरी, तंतुमय असतील तर पिवळेपणाचं कारण दुसरंही असू शकेल. टोकं तपकिरी, आखूड, जाडसर असतील तर धातूंचा संशय बळावतो. खात्री मात्र प्रयोगशाळेतच होईल. तुमच्या पत्रिकेतल्या १२ घटकांत कॅडमियम, शिसं, आर्सेनिक नाहीत. ते वेगळे तपासून घ्या. माती १५ ते २० सेंमी खोलीपर्यंतची, प्लॅस्टिकच्या खुरप्याने काढा. सोबत पानं आणि नाल्याचं पाणीही द्या.

पत्रिकेत सामू, म्हणजे मातीची आम्लता सांगणारा आकडा (pH), ५.४ दिसतो; ७ च्या खाली जितका कमी, तितकी माती आम्ल. खरी मेख इथे आहे. आम्ल मातीत कॅडमियम मोकळं होतं आणि मुळाला सहज मिळतं. चुन्याने सामू ६.५ च्या आसपास आणला की ते मातीला धरून राहतं. चांगलं कुजलेलं शेणखतही त्याला धरून ठेवतं. जस्त कमी असेल तर जस्त द्यावं लागेल, कारण जस्त आणि कॅडमियम यांची मुळांत शिरायची वाट बरीचशी एकच आहे; जस्त पुरेसं असलं की कॅडमियमला वाट कमी मिळते. पण नाल्यातूनच जस्त येत असेल तर वरून घालू नका. आणि ते पाणी चालू राहिलं तर चुना, शेणखत सगळं वाया. आधी पाणी बंद करा.

भाताचं म्हणाल तर, जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीतलं कॅडमियम भातात उतरलं आणि माणसांची हाडं ठिसूळ झाली. १९६८ साली तिथल्या सरकारने ते कारण मान्य केलं. खाचरात पाणी साचलेलं असलं की कॅडमियम कमी उचललं जातं. आर्सेनिक मात्र उलट वाढतं. म्हणून आर्सेनिकची तपासणी टाळू नका.

तोवर पालक, माठ विकू नका, घरीही खाऊ नका, गुरांनाही घालू नका. विहिरीचं पाणी मिळालं तर त्यावर झेंडू लावा. अहवाल आला की पाठवा, चुन्याचं माप कळवते.