वीस गुंठे विकून पुण्यात सिव्हिल, की घराजवळ फीमाफीत?

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. ते एसटीच्या आगारात मेकॅनिक आहेत, वय ५१. पगार हातात ३६ हजार, पत्नी शिवणकामातून महिन्याला पाचेक हजार मिळवते. वडिलोपार्जित २० गुंठे बागायत आहे, ऊस असतो, खर्च वजा जाता वर्षाला ४० हजार सुटतात. बँकेत तीन लाखांची ठेव. मुलगी बारावी झाली, सीईटीला ८४ पर्सेंटाइल, सिव्हिल इंजिनिअरिंगच करायचं यावर ठाम. इतर मागास प्रवर्ग, नॉन-क्रीमीलेअर आहे. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीत घरापासून २५ किलोमीटरवरच्या खासगी महाविद्यालयात सिव्हिलची जागा लागली आहे. मेहुणे म्हणतात, पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजात संस्थास्तरावरची, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती जागा घ्या, तिथे प्लेसमेंट होते. तिथली फी वर्षाला १ लाख ६० हजार, वसतिगृह आणि मेसचे १ लाख २० हजार, शिवाय ‘वरचे’ दीड लाख रोख. जमिनीला ११ लाखांचं गिऱ्हाईक आहे, ते इसार द्यायला तयार आहे. जमीन विकावी, कर्ज काढावं, की जवळच्या कॉलेजात घालावं? धाकटा मुलगा नववीत आहे.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. जमीन विकू नका, पुण्याची ती जागा घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पण मेहुण्यांचं म्हणणंही अगदी वाऱ्यावरचं नाही, म्हणून हिशेब मांडूनच बोलतो.

आधी त्या दीड लाखाचं. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी फीवर घेतलेले असे वरचे पैसे घेण्याला १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. त्या पैशाची पावती मिळत नाही, त्यावर कर्ज मिळत नाही आणि प्रवेश रद्द केला तर ते पैसे परत मिळवणं अवघड असतं. शिवाय ही सिव्हिलची जागा आहे. गेली कित्येक वर्षं राज्यातल्या बऱ्याच खासगी महाविद्यालयांत सिव्हिलच्या जागा रिकाम्या राहतात. कॉम्प्युटरच्या जागेसाठी लोक रांग लावतात, तसं इथे नाही. ज्या मालाला गिऱ्हाईक कमी त्याच्यासाठी वरचे पैसे मागणारा मधला माणूस तुमच्या काळजीचा फायदा घेतोय. त्याला आजच नकार कळवा.

आता दोन्ही रस्त्यांचा खर्च. पुण्याचे वर्षाला २ लाख ८० हजार, चार वर्षांचे ११ लाख २० हजार. दीड लाख धरले तर १२ लाख ७० हजार, आणि यात फीवाढ धरलेली नाही. घराजवळच्या कॉलेजचं गणित मात्र तुम्ही पत्रात मांडलेलंच नाही, आणि सगळा निर्णय तिथेच फिरतो. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. तुमचं सगळं धरून साडेपाच लाखांच्या घरात जातं. खासगी विनाअनुदानित कॉलेजलाही ही माफी लागू आहे, पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. संस्थास्तरावरच्या जागेला ती मिळत नाही. म्हणजे मेहुणे सुचवतात त्या रस्त्यावर पाऊल टाकलं की मुलीच्या हक्काची माफी तुम्ही स्वतःच सोडून देता.

माफीनंतरही काही रक्कम भरावीच लागते. विकास शुल्क आणि किरकोळ बाबी मिळून वर्षाला २० हजार धरा, एसटीचा पास, पुस्तकं, ड्रॉइंगचं साहित्य, डबा असे आणखी २५ हजार. चार वर्षांचे १ लाख ८० हजार, लॅपटॉपचे ५० हजार, एकूण २ लाख ३० हजार. तुमचा पगार आणि उसाचे पैसे यातूनच हे निघतं, ठेवीलाही हात लावावा लागत नाही. दोन रस्त्यांतला फरक १० लाख ४० हजारांचा आहे.

हा फरक पुण्याचं नाव भरून काढेल का? सिव्हिलमध्ये पैसा येतो, पण उशिरा येतो. ही गोष्ट आईवडिलांना कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्याकडे येणाऱ्या घरांत नवी पदवीधर मुलं ठेकेदाराकडे किंवा छोट्या बिल्डरकडे साइट इंजिनिअर म्हणून लागतात, तेव्हा १८ ते २२ हजारांवर लागतात. सकाळी आठला साइटवर, स्लॅब असेल त्या दिवशी रात्री अकराला घरी. पहिली तीन वर्षं शिकण्यात जातात: सळईचं बीबीएस (कापण्या-वाकवण्याचं मोजमाप पत्रक) काढणं, मोजमाप पुस्तक लिहिणं, आरए बिल (झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल) बनवणं, सेंट्रिंगवाल्याकडून काम करून घेणं. हे हातात बसलं की मग पगार हलतो. बिलिंग आणि प्लॅनिंग नीट येणाऱ्या माणसाला चौथ्या-पाचव्या वर्षी चांगली मागणी असते, स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये पदव्युत्तर शिक्षण झालेल्याला त्याहून बरी. वाट चांगली आहे, फक्त सुरुवातीचा चढ लांब आहे, आणि त्या चढावर डोक्यावर हप्ता नको.

हप्ता किती येईल ते पाहा. जमीन न विकता पुण्यासाठी ९ लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं, व्याज साडेदहा टक्के आणि दरवर्षी सव्वादोन लाखांची उचल धरली, तर शिक्षणाची चार वर्षं आणि हप्ता सुरू होण्याआधीचं सवलतीचं एक वर्ष संपताना नुसतं सरळ व्याज ३ लाख ३० हजार होतं. मग १२ लाख ३० हजारांवर दहा वर्षांचा हप्ता साडेसोळा हजारांच्या वर जातो. २० हजार पगाराच्या मुलीने साडेसोळा हजार भरायचे कसे? ते तुम्हीच भराल, आणि तेव्हा तुम्ही ५६ वर्षांचे असाल, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, धाकटा कॉलेजात. त्यातही साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँक साधारणपणे तारण मागते, म्हणजे फिरून कागद त्याच जमिनीचे. केंद्राची शिक्षणकाळातलं व्याज भरणारी योजना साडेचार लाख उत्पन्नापर्यंतच्या घरांसाठी आहे, तुम्ही त्याच्या वर आहात.

राहिली जमीन. नुसत्या आकड्यांत पाहिलं तर ११ लाखांवर वर्षाला ४० हजार म्हणजे साडेतीन टक्के सुटतात, ठेवीत याहून जास्त मिळतं. त्यामुळे ‘जमीन कधीच विकू नये’ असं मी सरसकट सांगत नाही, विकायला लावलेली घरंही आहेत. तुमची गोष्ट वेगळी आहे. हे २० गुंठे तुमची एकुलती एक शेतजमीन आहे. महाराष्ट्रात कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते. शेवटचा तुकडा गेला की सातबाऱ्यावरचं नाव जातं, आणि उद्या पैसे आले तरी परत शेतजमीन घेताना शेतकरी असल्याचा पुरावा कुठून आणणार? पोरांच्याही पुढे हाच प्रश्न उभा राहील. दुसरं, जमीन वडिलोपार्जित आहे. २००५ पासून मुलीचाही त्यात मुलाइतकाच वाटा आहे. तिच्या शिक्षणासाठी विकायची तर धाकट्याच्या वाट्याचं काय, हा विषय आज घरात कुणी काढत नसेल, दहा वर्षांनी नक्की निघेल.

मेहुण्यांच्या मुद्द्यात तथ्य आहे ते इथे. लहान कॉलेजात कंपन्या कमी येतात, कधी शिक्षकही पुरेसे नसतात. पण पुण्याच्या कॉलेजचा प्लेसमेंटचा आकडा शाखावार मागून पाहा. सिव्हिलच्या किती मुलांना सिव्हिलचंच काम मिळालं आणि किती जण आयटी कंपनीत गेले, हे वेगळं विचारा. मुलीला सिव्हिलच करायचं आहे, तेव्हा आयटीतला आकडा तिच्या कामाचा नाही.

आणि जवळचं कॉलेजही डोळे झाकून घेऊ नका. प्रवेश पक्का करण्याआधी मुलीला घेऊन एक सकाळ तिथे जा. ऑफिसात न थांबता थेट काँक्रीट लॅबमध्ये जा. पाण्याच्या टाकीत १५० मिलिमीटरचे काँक्रीटचे क्यूब बुडवलेले असतात, प्रत्येकावर काँक्रीटची ग्रेड आणि ओतल्याची तारीख लिहिलेली असते. तारखा गेल्या सत्रातल्या असतील तर प्रॅक्टिकल होतात. टाकी कोरडी आणि क्यूब कोपऱ्यात धूळ खात पडलेले असतील तर समजून घ्या. टोटल स्टेशन, म्हणजे जमीन मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे का, आणि ते मुलांच्या हातात देतात की कपाटात ठेवतात, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाच विचारा. सिव्हिलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाला किती मुलं आहेत तेही पाहा. वर्गात दहा-बाराच मुलं असतील तर शाखा पुढे बंद होण्याचा धोका असतो. अशी परिस्थिती दिसली तर पुढच्या फेरीत पसंतीक्रम बदला. कऱ्हाडचं शासकीय महाविद्यालय आणि सांगलीचं वालचंद यादीत सगळ्यात वर ठेवा. ८४ पर्सेंटाइलला तिथे जागा लागणं अवघड आहे, पण पसंती लिहायला पैसे पडत नाहीत. त्याखाली जिल्ह्यातली आणि कोल्हापूरची बरी खासगी महाविद्यालयं.

कॅपमधूनच पुण्यात जागा लागली तर माझं उत्तर बदलेल. मग शिक्षण शुल्क माफ, प्रश्न फक्त राहण्या-खाण्याचा. वर्षाला लाखभर उचल धरून चार लाखांचं कर्ज काढा, एवढ्या रकमेला तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. त्याच व्याजदराने नोकरी लागल्यावर हप्ता साडेसात हजारांच्या आत राहील. पहिल्या पगाराला तेवढा झेपतो.

वाचलेल्या पैशाचं काय करायचं तेही ठरवून ठेवा, नाहीतर ते घराच्या दुरुस्तीत जातील. महिन्याला तीन हजार रुपयांचं आवर्ती खातं मुलीच्या नावाने आजच सुरू करा. चार वर्षांत व्याजासह दीड लाखाच्या वर जमतील. तिसऱ्या वर्षी त्यातून ऑटोकॅड, इटॅब्स किंवा प्रिमाव्हेरा या सॉफ्टवेअरपैकी तिला लागेल ते चांगल्या ठिकाणी शिकू दे. उन्हाळ्यात ओळखीच्या ठेकेदाराकडे साइटवर पाठवा, बिनपगारी असलं तरी चालेल. उरलेले पैसे गेटच्या, म्हणजे एमटेकच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीला. गेटमध्ये गुण चांगले आले तर आयआयटीत किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयसारख्या ठिकाणी एमटेक करता येतं, आणि एमटेकला गेटवर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकतं. आज लाखो रुपये मोजून जे नाव विकत घ्यायला निघालात, ते तिला तिथे अभ्यासावर मिळेल. सरकारी नोकरीकडे ओढा असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंत्याची वेतनश्रेणी ३८,६०० पासून सुरू होते. त्या परीक्षेच्या पेपरात पदवी पुण्याची की घराजवळच्या कॉलेजची, याला वेगळे गुण नाहीत.

तीन लाखांची ठेव तशीच राहू द्या. ती आजारपणासाठी आणि धाकट्याच्या बारावीसाठी आहे. भविष्य निर्वाह निधीतूनही उचल करू नका.

या आठवड्यात करायचं ते एवढंच. गिऱ्हाइकाकडून इसार घेऊ नका. घेतला असेल तर व्यवहार करायचा नाही असं सांगून परत करा आणि परत केल्याचं लिहून घ्या. जवळचं कॉलेज पाहून पटलं तर कॅपच्या वेळापत्रकात दिलेल्या मुदतीत जागा स्वीकारा, कॉलेजात जाऊन प्रवेश निश्चित करा. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. कॉलेजने शिक्षण शुल्क आधी भरा म्हणून अडवलं तर फीमाफीच्या शासन निर्णयाची प्रत दाखवून बोला. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शुल्कमाफीचा अर्ज मुलीचं आधारशी जोडलेलं बँक खातं देऊन भरा, आणि तो दरवर्षी नव्याने भरायचा असतो हे तिलाच लक्षात ठेवायला सांगा. नॉन-क्रीमीलेअरच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. तुमच्या दाखल्यावर कोणतं साल आहे ते आज रात्रीच काढून पाहा. येणाऱ्या मार्चपर्यंतचा नसेल तर उद्या सकाळी सेतू केंद्रात अर्ज द्या.