आजीचा आवाज विकिपीडियावर कसा न्यावा?

प्रश्न : ताई, घरची शेती सांभाळून मी रात्री प्रोग्रामिंग करतो. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकी या सॉफ्टवेअरसाठी एक एक्सटेन्शन, म्हणजे नवी सोय देणारा जोड-कोड, लिहिला आहे. लेखातल्या वऱ्हाडी शब्दावर बोट ठेवलं की अर्थ दिसतो आणि माझ्या आजीच्या आवाजात उच्चार ऐकू येतो. 'अवंदा', 'धुरा', 'बंडी' असे चारशे शब्द झालेत. हे मराठी विकिपीडियावर बसवायचं तर कोणाला गाठावं लागेल?
– एक वाचक, ता. कळंब, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, तुम्ही पाठवलेला कोड मी आर्वीला घरच्या लॅपटॉपवर चढवून पाहिला. 'धुरा'वर बोट ठेवलं आणि आजी बोलल्या, "दोन वावराच्या मंधात रायते तो धुरा." मी ते तीनदा ऐकलं. हे काम तुमच्या कॉम्प्युटरात पडून राहू नये असं मनापासून वाटतं, म्हणून जरा खोलात जाऊन लिहिते.

मराठी विकिपीडियाच्या प्रशासकांना एक्सटेन्शन बसवता येत नाही. त्यांच्या हाती ती किल्लीच नसते. तीनशेहून जास्त भाषांचे विकिपीडिया विकिमीडिया फाउंडेशनच्या सर्व्हरवर एकाच सॉफ्टवेअरवर चालतात, आणि एक्सटेन्शन त्या सर्व्हरच्या पोटात शिरून काम करतं. म्हणून आधी मराठी विकिपीडियाच्या चावडीवर चर्चा करून संपादकांची सहमती घ्यायची, मग फॅब्रिकेटर या विकिमीडियाच्या कामांच्या नोंदवहीत मागणी नोंदवायची, कोड गेरिट या कोड तपासण्याच्या जागी आणायचा. पुढे सुरक्षेची तपासणी, वेगाची तपासणी, चाचणीच्या विकीवर वापर, आणि हे सगळं पार पडलं तर खरा विकी.

सुरक्षेच्या तपासणीत तुमचा कोड आजच्या आज अडकेल. लेखात शब्दाभोवती घालायच्या तुमच्या टॅगमध्ये (खुणेत) लिहिलेला शब्द तुम्ही जसाच्या तसा एचटीएमएलमध्ये चिकटवता. मी 'बंडी'च्या जागी स्क्रिप्टची एक ओळ टाकली आणि ती चालली. म्हणजे लेख संपादित करणारा कोणीही वाचकाच्या ब्राउझरमध्ये हवं ते चालवू शकतो. एचटीएमएल बनवायला मीडियाविकीची स्वतःची फंक्शन्स आहेत, ती वापरा. दुसरं, आवाजाच्या फाइली तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर आहेत. पान उघडणाऱ्या प्रत्येकाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक, त्यामुळे तुमच्यापर्यंत पोचतो. तुमच्या मनात काही नसेल, पण वाचकाची ही माहिती बाहेर जाणं विकिपीडियाला चालत नाही. फाइली विकिमीडिया कॉमन्स या चित्र-ध्वनींच्या मुक्त साठ्यावरच हव्यात. 'अर्थ पाहा', 'ऐका' हे शब्द कोडमध्येच लिहिलेत, ते वेगळ्या जेसन फाइलींत (मजकुराच्या यादीत) काढा. मग ट्रान्सलेटविकी या भाषांतराच्या संकेतस्थळावर इतर भाषांचे लोक भाषांतर करतील.

एवढं सगळं दुरुस्त होईल. तपासणारे खरं विचारतील ते वेगळंच : उद्या हे बिघडलं तर पाहणार कोण? विकिमीडियाच्या विकींवर मीडियाविकीची नवी आवृत्ती जवळपास दर आठवड्याला चढते. काही वर्षांपूर्वी मी एका वाचनालयाच्या विकीसाठी जुन्या पुस्तकांच्या नोंदींचं छोटं एक्सटेन्शन लिहून दिलं होतं. दीड वर्षानं त्यांनी मीडियाविकी अद्ययावत केलं आणि माझ्या एका जुन्या फंक्शनमुळे अख्खा विकी उघडेना. तेव्हा सोयाबीनची कापणी चालू होती, मी चार दिवस फोनच पाहिला नाही. त्या चार दिवसांत तिथल्या पोरांना एकही नोंद वाचता आली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. पेरलं की डवरणी-निंदण आपल्यालाच करावं लागते, हे कास्तकाराला काय सांगायचं! मोठ्या जागीही हेच घडतं. आलेख काढणारं ग्राफ नावाचं एक्सटेन्शन कितीतरी वर्षं वापरात होतं. त्याच्या जुन्या लायब्ररीत सुरक्षेचे दोष सापडले आणि एप्रिल 2023 मध्ये ते सगळ्या विकिपीडियांवर बंद करावं लागलं.

म्हणून माझं स्पष्ट मत : तुम्हाला एक्सटेन्शनची गरजच नाही. बोट ठेवल्यावर चौकट उघडणं आणि आवाज वाजवणं ही ब्राउझरची कामं आहेत, ती गॅजेटमध्ये होतात. गॅजेट म्हणजे विकीच्याच पानावर ठेवलेली जावास्क्रिप्ट. चावडीवर सहमती झाली की इंटरफेस प्रशासक, म्हणजे विकीची जावास्क्रिप्ट बदलायचा अधिकार असलेला सदस्य, ते चालू करू शकतो, आणि ज्याला हवं तो आपल्या पसंतीत जाऊन निवडतो. शब्दावर खूण करायला एक साचा, म्हणजे लेखात पुन्हा पुन्हा वापरता येणारा तयार तुकडा, पुरतो. अर्थ विक्शनरी या मुक्त शब्दकोशात नोंदवा. त्याआधी सगळी स्क्रिप्ट तुमच्या सदस्यपानाखालच्या कॉमन डॉट जेएस या फक्त तुमच्यापुरत्या चालणाऱ्या पानावर टाकून महिनाभर स्वतः वापरा.

एक्सटेन्शन लिहिण्यात घातलेल्या रात्रींचं वाईट वाटून घेऊ नका. लेखातली माहिती संगणकाला समजेल अशी नोंदवणारं सिमँटिक मीडियाविकी हे एक्सटेन्शन 2005 साली विकिपीडिया डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलं गेलं. विकिपीडियावर ते कधीच बसलं नाही, पण इतर अनेक विकींनी उचललं, आणि त्यातली मूळ कल्पना ऑक्टोबर 2012 मध्ये विकिडेटा या सगळ्या विकिपीडियांच्या सामायिक माहितीसाठ्याच्या रूपानं आली. तुमच्या कोडला मुक्त परवाना देऊन तो खुला ठेवा; गावची शाळा किंवा एखादं कॉलेज स्वतःचा विकी चालवत असेल तर तिथं तो कामी येईल.

आता या आठवड्याचं काम. कॉमन्सवर आवाज टाकण्याआधी आजींना समोर बसवून समजावून सांगा की हा आवाज जगातला कोणीही ऐकेल, वापरेल, आणि एकदा मुक्त परवाना दिला की तो मागे घेता येत नाही. त्या हो म्हणाल्या तर आधी दहाच शब्द चढवा. ध्वनिमुद्रण पहाटे करा, दुपारच्या फाइलींत मागं पंख्याचा आवाज येतो. 'पऱ्हाटी'च्या फाइलीत तर 'प' ऐकूच येत नाही, ती तेवढी पुन्हा करा.