हिशेबाची वही आणि सार्वकालिक जीवन

प्रश्न : मी पुण्याच्या लष्कर भागातील एका दुकानात हिशेब लिहितो, मंडळीत (चर्चमध्ये) उपदेश करणे मला जमत नाही. मग सार्वकालिक जीवनाची तयारी मी कशी करावी?

उत्तर : आपली हिशेबाची वही हीच त्या तयारीची जागा आहे. तारण, म्हणजे पापापासून सुटका, देवाच्या कृपेनेच मिळते, ते कामाने कमावता येत नाही. परंतु बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानात (१६:१०) प्रभू येशू सांगतो की, जो थोडक्याविषयी विश्वासू तो पुष्कळाविषयीही विश्वासू, आणि हे तो धनाच्या व्यवहाराविषयीच बोलत असताना सांगतो, याकडे आपले फार कमी लक्ष जाते. केडगावच्या पंडिता रमाबाईंनीही निराधार स्त्रियांना रोज सांभाळतच बायबलचे मराठी भाषांतर केले. मालकाने खोटी नोंद करावयास सांगितल्यास नम्रपणे, पण स्पष्ट नकार द्यावा.