गाणं ऐकायला गाव सोडून का जायचं? बेळगावहून निघणाऱ्यांसाठी

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. सगळं गाणं मोबाईलवर मिळत असताना लोक ते ऐकायला परगावी का जातात? आणि बेळगावातल्या, गाण्याची बेताची आवड असलेल्या चौघांच्या कुटुंबाने असा प्रवास करायचा म्हटला तर सुरुवात कुठून करावी?

जे गाणं घरी आणता येत नाही, त्यासाठी माणूस बाहेर पडतो. ध्वनिमुद्रण घरी येतं. रात्री अडीचचा मालकंस, टाळकऱ्यांच्या रांगेतली आपली जागा, भोपळ्याला कान लावून निवडलेला तंबोरा हे काही येत नाही. उलट ध्वनिमुद्रणानेच माणसं घराबाहेर काढली आहेत. गदगच्या शाळकरी भीमसेन जोशींनी किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी घर सोडलं. गुरूच्या शोधात ग्वाल्हेरपासून जालंधरपर्यंत उत्तर पालथी घातली आणि गुरू अखेर मिळाले ते घरापासून शंभर किलोमीटरच्या आत, कुंदगोळला.

कुंदगोळ कुठे, ते रेल्वेच्या नकाशात बघा. मिरज, रायबाग, घटप्रभा, बेळगाव, लोंढा, धारवाड, हुबळी आणि हुबळीच्या पुढे वीसेक किलोमीटरवर कुंदगोळ. किराणा घराण्याचं, म्हणजे ख्यालगायकीच्या त्या परंपरेचं, गाणं आपल्या भागात पसरलं ते बरंचसं याच रुळांवरून. खाँसाहेब मिरजेत राहिले. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, कुंदगोळचे; भीमसेनांचे गुरू ते हेच. त्यांच्याकडे शिकायला गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने जात. याच वाटेवर, पण किराण्याचे नव्हेत असे, धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर, आणि बेळगावच्या अलीकडे सुळेभावी, जिथे 1924 साली कुमार गंधर्वांचा जन्म झाला. घरी कन्नड बोलणाऱ्या यांतल्या कित्येकांनी मराठी अभंग आणि नाट्यपदं महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवली. हद्दीचा वाद आपण कितीही घालू, या गाण्याला हद्द नाही. असो.

आता प्रवासाचं. पहिला नियम: आधी वेळ ठरवा, मग गाव. बहुतेक जण उलटं करतात आणि तिथेच फसतात. हिंदुस्थानी संगीतात रागाला प्रहर असतो. यमन, भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरात, मालकंस, दरबारी उत्तररात्री, ललित, भटियार पहाटे, तोडी सकाळी. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केला. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस 12 वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, एवढंच. त्यामुळे मांडवातल्या मोठ्या महोत्सवांतून उत्तररात्रीचे राग जवळजवळ हद्दपार झाले. पुण्यात 1953 पासून चालत आलेला सवाई गंधर्वांच्या नावाचा महोत्सवही पूर्वी रात्ररात्र चाले, आता वेळेत आवरतो. बंद सभागृहात आवाज आतल्या आत राहत असेल तर नियम आडवा येत नाही. म्हणून रात्रीचा राग रात्रीच ऐकायचा असेल तर वाडा, मठ, देवळाचा सभामंडप किंवा छोटं सभागृह शोधा. दहा हजारांच्या मांडवात तो मिळणार नाही.

यासाठी आपल्याला सर्वात जवळचं आणि सर्वात खरं ठिकाण म्हणजे कुंदगोळचा नाडगीर वाडा. सवाई गंधर्व 12 सप्टेंबर 1952 ला गेले. त्यांच्या पुण्यतिथीची संगीतसभा या वाड्यात रात्रभर चालत आली आहे. नेमकी तारीख दरवर्षी बघून घ्यावी लागते, आधी महिनाभर हुबळी-धारवाडच्या पेपरांवर लक्ष ठेवा.

बेळगाव ते हुबळी रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास, रेल्वेने मात्र सुमारे 140, कारण लाईन लोंढ्याच्या जंगलातून वळसा घेते. रेल्वेचा प्रवास सुंदर, पण घाईच्या दिवशी बसच बरी. हुबळीहून कुंदगोळला बस सारख्या असतात. रेल्वेने जायचं तर ती गाडी कुंदगोळला थांबते का, हे तिकीट काढण्याआधी बघा. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या तिथून शिट्टी मारत निघून जातात.

रात्रभराच्या मैफलीत नवखे लोक एक ठरलेली चूक करतात. नऊला पुढची जागा धरतात, बाराला पेंगतात, एकला उठून जातात. बुजुर्ग गायक उत्तररात्री किंवा पहाटे बसतो. म्हणजे ज्याच्यासाठी आलो तोच राहून गेला! त्यामुळे दुपारी दोन-तीन तास झोपून घ्या. रात्री भात कमी, भाकरी-भाजीवर भागवा, कारण पोट जड झालं की संथ लयीतला विलंबित ख्याल म्हणजे अंगाईच. पहिल्या एक-दोन गायकांना मागे बसून ऐका, मध्यंतरात चहा घ्या, मग पुढे सरका. भिंतीच्या कडेची जागा धरा, पाठ टेकता येते आणि मुलं झोपली तरी कुणाला अडचण होत नाही. सप्टेंबरात फरशीला ओल असते, सतरंजीखाली घालायला एक जाड चादर आणि प्रत्येकी एक शाल हवीच.

तबलजी ठोकाठोकी करत बसला तर वैतागू नका. दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, सैल पडते आणि स्वर उतरतो, तो चढवल्याशिवाय गाणं सुरू होत नाही.

लॉज हुबळीत घ्या, पण 24 तासांचा चेकआउट आहे का ते विचारून. दुपारी 12 ला खोली सोडायची असेल तर पैसे द्यायचे रात्रीचे आणि झोपायला मिळणार सकाळचे चार तास.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वेळ उरतो. त्यात हुबळीत गंगूबाईंचं घर ‘गंगालहरी’ आणि धारवाडात मन्सूरांचं ‘मृत्युंजय’ बघा. दोन्ही घरं आठवणींसाठी जतन केली आहेत. उघडं असण्याची वेळ आधी विचारून घ्या. फारसा आटापिटा करू नका, घर बघून गाणं कळत नाही. पण आदल्या रात्री त्या परंपरेचं गाणं ऐकलेलं असेल तर भिंतीवरचे फोटो बोलू लागतात.

मिरजेचं आकर्षण निराळं. तिथे दोन कामांसाठी जावं. एक, ख्वाजा शमना मीरा दर्ग्याचा उरूस. खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांची कबर याच दर्ग्याच्या आवारात आहे, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ चिंचेच्या झाडाखाली संगीतसभा होते. गायक इथे हजेरी लावायला येतात, म्हणून गाणं मोकळं होतं. उरूस हिजरी महिन्यांप्रमाणे असल्याने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. मागच्या वर्षीच्या तारखेवर सुट्टी टाकली की चुकलंच. उरूस साधला नाही तर नवरात्रात अंबाबाईच्या देवळातला संगीत महोत्सव आहे.

दुसरं काम तंबोऱ्याचं. मिरजेत तंतुवाद्यं बनवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी ती सुरू केली. मिरजेच्या सितारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. घरात कुणी शिकत असेल तर हा प्रवास वसूल होतो, पण घाईत करू नका. सकाळी पोचा आणि दुपार दुकानातच जाणार असं धरा. आधी गळ्याची पट्टी, म्हणजे पेटीवरचा कुठला स्वर आपला सा, हे ठरवून जा: पुरुषांची साधारण काळी एक-दोन, बायकांची काळी चार-पाच. पट्टी न सांगता घेतलेला तंबोरा सुरात लावला तरी तारा एक तर लोंबतात, नाहीतर ताणून तुटतात.

हातात आल्यावर भोपळ्याकडून डोळा लावून दांडी सरळ आहे का बघा. भोपळ्यावर बोटाने टिचकी मारत फिरा, कुठे फाटका आवाज आला तर तिथे तडा असतो. प्रत्येक खुंटी फिरवून सोडा, मागे घसरत असेल तर खडू लावून पुन्हा बघा, तरीही घसरली तर दुसरा तंबोरा मागा. मग जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस. तार आणि ती जिच्यावर टेकते ती घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा असतो, तो केसभर पुढे-मागे केला की एका ठिकाणी आवाज अचानक उघडतो आणि रुंजी घालतो. चारही तारांवर ती जागा सापडली पाहिजे. एखादी तार मुकीच राहत असेल तर घोडीचा उतार पुन्हा घासावा लागेल. ते काम कारागिराकडून समोर बसून करून घ्या, ‘घरी गेल्यावर बसेल’ यावर विश्वास ठेवू नका.

आणताना तारा एक-दोन फेरे सैल करा, पूर्ण उतरवू नका. दोरे काढून कागदात बांधून ठेवा. भोपळ्याभोवती घडी केलेली गोधडी आणि वर खोळ. बसच्या डिकीत कधीच टाकायचा नाही, तिथे एक ट्रंक सरकली की भोपळ्याला भोक पडतं. मिरज ते बेळगाव रेल्वेने सुमारे 140 किलोमीटर. वरच्या बर्थवर आडवा ठेवला, भोपळा भिंतीकडे, की काही होत नाही. घरी आल्यावर एक दिवस तसाच राहू द्या. मिरजेची कोरडी हवा आणि बेळगावचा पावसाळा यांत लाकूड थोडं हलतं, लगेच सुरात लावला तर सारखा उतरतो.

आता सौंदत्ती. हा प्रवास करणारा कुणीही स्वतःला संगीतप्रेमी म्हणवत नाही, पण रेणुका-यल्लम्माच्या डोंगरावर माणसं ज्या ओढीने जातात त्यात चौंडक्याचा वाटा मोठा आहे. चौंडकं म्हणजे एका बाजूने कातडं मढवलेलं लाकडी नळकांडं, आतून निघणारी तार, बगलेत दाबून ताणायची आणि छेडायची. ताण बदलला की स्वर वर-खाली होतो, जणू वाद्य बोलतं. जोडीला तुणतुणं. देवळातल्या रांगेत यातलं काही कानावर पडत नाही, तिथे फक्त ‘उदो’चा गजर आणि धक्काबुक्की. गाणं असतं मुक्कामाच्या माळावर, रात्री, परडी भरून झाल्यावर. म्हणून मार्गशीर्ष किंवा माघी पौर्णिमेला सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांना ते भेटत नाही. आदल्या रात्री मुक्काम करा. जोगुळभावीत आंघोळ करून लोक डोंगर चढतात, त्या वाटेवरही गाणारे मेळे असतात. बेळगावहून अंतर ऐंशीएक किलोमीटर.

जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट शून्य झालं आणि तेव्हापासून पौर्णिमेलाच काय, मंगळवार-शुक्रवारीही गाड्या भरून जातात. कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ हवं, आणि शून्य रकमेचं का होईना, तिकीट मागून घ्यायचंच. मिरजेसारख्या राज्याबाहेर जाणाऱ्या गाडीला ही सवलत धरून चालू नका.

एक सांगणं आहे. जोगते-जोगतिणींचं गाणं मोबाईलवर टिपण्याआधी विचारा आणि परडीत काही घाला. देवाला मुली सोडण्याच्या प्रथेवर कर्नाटकात 1982 च्या कायद्यापासून बंदी आहे. त्या प्रथेचं ओझं वाहिलेल्या बायका आजही तिथे गातात. त्यांच्या गाण्याला रील समजू नये.

दिंडीबद्दल थोडक्यात. बेळगाव ते पंढरपूर अंदाजे अडीचशे किलोमीटर, रोज वीस-पंचवीस चाललं तर दहा-बारा दिवस. इथे ऐकणारा कुणी नसतो, सगळेच गातात. न गाता येणारा माणूस जिथे गाण्याचा भाग होऊन जातो अशी दुसरी जागा मला माहीत नाही. नवख्याने विणेकऱ्याला, म्हणजे दिंडीत वीणा घेऊन चालणाऱ्याला, विचारून रांगेत शिरावं, पहिले दोन दिवस टाळ न वाजवता नुसतं पाऊल आणि ठेका जुळवावा. टाळाची दोरी बोटांना घट्ट गुंडाळली तर दुसऱ्या दिवशी मनगट धरतं, ती सैल ठेवायची. चार जणांच्या कुटुंबाने अख्खी वाट धरू नये, शेवटचे दोन मुक्काम पुरेत.

राणी चन्नम्मांच्या कित्तूरचा उत्सव 23 ते 25 ऑक्टोबरला असतो. फुकट, जवळ, सिनेमातले गायक येतात, मुलं खूश होतात. गर्दीत गाडी लावायची जागा मिळणं हीच खरी परीक्षा. त्यापलीकडे त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

तुमच्यासाठी क्रम विचाराल तर आधी मिरज, मग कुंदगोळ. उरूस किंवा नवरात्रातली मिरजेची संध्याकाळ तीन-चार तासांची, कंटाळा आला तर उठता येतं, आणि मुलांना दुपारी सितार बनताना दाखवता येते. त्या रात्री घरी आल्यावर कुणी आपणहून तेच गाणं मोबाईलवर शोधायला लागलं तर पुढच्या सप्टेंबरात हुबळीची खोली बुक करा. नाही शोधलं, तर सौंदत्तीला न्या. ख्यालात न रमणारी मुलंही चौंडक्यापुढे गप बसतात.