लॅम्पशेडसाठी ३ मिमी काच भट्टीत वाकवायची आहे. तापमान किती ठेवावे आणि साचा कशाचा घ्यावा?

उंचवट्याच्या साच्यावर ३ मिमी काच वाकवायची असेल, तर विजेची भट्टी साधारण ६४० ते ६८० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावी आणि साचा स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. या तापमानाला काच स्वतःच्या वजनाने झुकते, पण वितळत नाही. ती ७०० अंशांच्या वर रेंगाळली, तर साच्याचा पोत तिच्यावर उमटतो आणि पृष्ठभागावर पांढुरकी झाक येण्याचा धोका वाढतो. स्टील सुचवण्याचे कारण असे की, थंड होताना ते काचेपेक्षा जास्त आकसते आणि काच त्यावरून सुटी होते. सिरॅमिक त्या मानाने कमी आकसत असल्यामुळे उंचवट्यावर काच त्याला आवळून बसते व तडकू शकते, म्हणून ते खोलगट साच्यासाठीच राखून ठेवावे. साचा कोणताही असो, त्यावर अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड) आणि केओलिन (पांढरी चिनी माती) यांचा लेप हवाच; तो नसेल तर काच चिकटलीच म्हणून समजा.

तापमान ताशी १५० अंशांच्या आसपास, सावकाश चढवावे. उतरताना काचेतील ताण निघून जावा म्हणून तासभर एका तापमानावर थांबावे लागते. खिडकीच्या साध्या काचेसाठी ते सुमारे ५५० अंश असते, तर फ्यूजिंगसाठी, म्हणजे काचेचे तुकडे भट्टीत एकमेकांना जोडण्यासाठी, मिळणाऱ्या काचांसाठी ४८० ते ५१० अंश.

मात्र प्रत्येक भट्टीचा तापमापक थोडा वेगळे दाखवतो, त्यामुळे आधी त्याच काचेचा एक टाकाऊ तुकडा वाकवून पाहावा. टफन्ड (उष्णतेची प्रक्रिया करून मजबूत केलेली) काच या कामासाठी वापरू नये.