पाकिटावर चित्र, पोरांच्या हातात सुट्टी

तंबाखूच्या पाकिटांवरील इशाऱ्यांबद्दल बेळगाव, खानापूर, संकेश्वर आणि निपाणी भागातून आलेल्या प्रश्नांपैकी काही या अंकात घेतले आहेत. एकसारखी पत्रं एकत्र केली आहेत.

सिगारेटच्या पाकिटावर एवढं भयंकर चित्र असतं, तरी आमच्या हायस्कूलची नववी-दहावीची पोरं ओढतातच. मग त्या चित्राचा उपयोग काय?
*शिक्षक, खानापूर तालुका*

उपयोग आहे, पण ज्याला चित्र दिसतं त्याला. नववीतलं पोरगं अख्खं पाकीट कुठं विकत घेतं? टपरीवर जातं, एक सुट्टी सिगारेट मागतं, तिथल्याच लायटरवर पेटवतं आणि आडोशाला जातं. पाकीट टपरीवाल्याच्या फळीखालीच राहतं. पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्यानं व्यापलेला असला, तरी हातातल्या कांडीवर एक अक्षर नसतं. कॅनडानं २०२३ मध्ये प्रत्येक सिगारेटच्या कागदावरच इशारा छापण्याचा नियम केला, तो याच कारणानं. आपल्याकडे तसा नियम नाही.

मावा तर त्याहून पुढचा. टपरीवर सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोळला की तयार. त्याला पाकीटच नाही, तर इशारा छापणार कशावर? फॅक्टरीतली पुडी निदान पोराच्या हातात तरी येते.

चित्राचं माप वाढत आलं त्यामागंही कारण आहे. ३१ मे २००९ पासून चित्रं आली, तेव्हा ती पाकिटाच्या पुढच्या बाजूवर ४० टक्के होती. चघळण्याच्या तंबाखूवर विंचू होता. विंचू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध सामान्य माणसानं कसा लावायचा? विंचवाच्या जागी पुढं रोगाची चित्रं आली, आणि १ एप्रिल २०१६ पासून दोन्ही बाजूंना ८५ टक्के झालं. कंपन्या कोर्टात गेल्या. सगळे दावे कर्नाटक उच्च न्यायालयाकडे आले आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्या न्यायालयानं ८५ टक्क्यांचा नियम रद्द केला. जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली, म्हणून मोठं चित्र टिकलं. १ सप्टेंबर २०१८ पासून त्यात व्यसन सोडण्यासाठीचा मोफत फोन नंबरही आला: १८००-११-२३५६.

हा नंबर किरकोळ समजू नका. नुसती भीती घातली की माणूस मान फिरवतो, पाकीट उलटं ठेवतो, ‘आमचा आज्जा ऐंशी वर्षं ओढत होता’ म्हणतो. भीतीशेजारी सुटायची वाट दाखवली तर ती भीती कामाला येते. आणि एकच चित्र वर्षानुवर्षं राहिलं तर डोळ्याला सवय होते, म्हणून ठरावीक मुदतीनं चित्र बदलतात.

वर्गात करायचं असेल तर रिकामी पाकिटं आणि पुड्या आणा. मुलांना आणायला सांगू नका. त्या निमित्तानं ती टपरीवर जातील. एका पाकिटामागं चार मुलं बसवा. पहिली नजर कुठं गेली, इशारा कुठल्या भाषेत आहे, नंबर कुठं आहे, पुडी फाडताना चित्र फाटतं का, एवढंच विचारा. पाकीट उघडताना इशारा कापला किंवा झाकला जाता कामा नये, असा नियम आहे. तो पाळला जातो का हे मुलांनाच तपासू द्या. मोठ्या पडद्यावर अर्धा तास जबड्यांची चित्रं दाखवणं मात्र टाळा. पाच मिनिटांत मागच्या बाकावर हसणं सुरू होतं.

पंधराव्या वर्षी पन्नाशीतला कर्करोग दूरचा वाटतो. जवळचं सांगा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो, म्हणून कबड्डीत दम लवकर लागतो आणि तालमीत जोर-बैठका उरकत नाहीत. दातांवर डाग पडतात, तोंडाला वास येतो. आणि रोजचे रुपये गुणिले तीस हे गणित त्यांनाच करू द्या.

विज्ञान प्रदर्शनासाठी आम्हाला खऱ्या मापाचा इशारा असलेलं पाकीट करायचं आहे. मापं कशी काढायची?
*इयत्ता दहावी, बेळगाव*

८५ टक्क्यांची फोड अशी: ६० टक्के चित्र, २५ टक्के मजकूर. उरलेल्या १५ टक्क्यांत कंपनीचं नाव. समजा तुमचा पुठ्ठा ८.५ सेंमी उंच आणि ५.५ सेंमी रुंद आहे. रुंदी तीच ठेवून उंची वाटून घ्या: चित्राला ५.१ सेंमी, मजकुराला २.१ सेंमी, ब्रँडला १.३ सेंमी. इशारा वरच्या कडेपासून सुरू करा आणि मागच्या बाजूलाही तेवढाच काढा. पुष्कळ मुलं इथं चुकतात. पुढून ८५ टक्के काढतात आणि मागं जाहिरात.

पाकीट केवढंही लहान असलं तरी इशारा ३.५ सेंमी रुंद आणि ४ सेंमी उंच याहून छोटा चालत नाही, असाही नियम आहे. मजकूर लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत, फोन नंबर काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत. खरी छपाई चार रंगांत, इंचाला किमान ३०० ठिपक्यांनी होते. घरच्या प्रिंटरवर चित्र फिकट आलं तर ते इंटरनेटवरून छोट्या आकाराचं उतरवलंय असं समजा. शेजारी २००९ चं ४० टक्क्यांचं पाकीट करून ठेवलंत तर परीक्षकाला समजावून सांगायची गरज उरणार नाही.

आमच्याकडे पोरं घरी मराठी, बाहेर कन्नड बोलतात. इशारा कुठल्या भाषेत असायला हवा?
*पालक, बेळगाव शहर*

पाकिटावर ज्या भाषेत ब्रँडचं नाव आणि मजकूर आहे, इशाराही त्या भाषेत हवा. दोन भाषा वापरल्या असतील तर दोन्ही भाषांत. म्हणजे भाषा तुमच्या गावावरून नव्हे, पाकिटावरून ठरते. महाराष्ट्रातून आलेली पुडी मराठी-हिंदी बोलते, इकडची कन्नड किंवा इंग्रजी. म्हणून आपल्या भागात चित्राचं महत्त्व जास्त. ज्याला कन्नड वाचता येत नाही आणि ज्याला मराठी वाचता येत नाही, चित्र दोघांनाही कळतं.

फोनच्या मदतीचंही तसंच. त्या सेवेची केंद्रं देशात चार ठिकाणी आहेत. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही. पोराला ज्या भाषेत मन मोकळं करता येतं ती भाषा त्यानं फोन लावल्यावर सुरुवातीलाच सांगावी.

माझं किराणा दुकान आहे. कागलला १८ वर्षं चालतात, इथं २१ म्हणतात. सुट्टी विकली तर काय? आणि पोलीस आले तर नेमकं काय बघतात?
*दुकानदार, संकेश्वर*

तुमचं दुकान कर्नाटकात आहे, तेव्हा कर्नाटकाचा कायदा. २००३ च्या केंद्रीय तंबाखू कायद्यात १८ वर्षं आहेत. कर्नाटकानं त्यात केलेली दुरुस्ती २०२५ मध्ये लागू झाली आणि वय २१ झालं. सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या पलीकडे, महाराष्ट्रात १८, अलीकडे २१. सुट्टी सिगारेट आणि विडी विकायला इथं त्याच दुरुस्तीनं मनाई आहे. महाराष्ट्रानं ती २०२० मध्येच घातली. दंड पूर्वी २०० रुपयांपर्यंत होता, कर्नाटकात तो १००० पर्यंत गेला.

पण १००० रुपयांकडे बघून ‘भरून टाकू’ म्हणू नका. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७७ असं सांगतं, की १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ‘बाबांनी आणायला सांगितलंय’ हे उत्तर तिथं चालत नाही. गिऱ्हाईक वयानं लहान नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्यावर असते, तेव्हा शंका आली की आधार कार्ड मागा. मिशी फुटली म्हणजे वय झालं असं धरून चालू नका.

दुकानदार जिथं हमखास सापडतात ती जागा वेगळीच आहे: दुपारी जेवायला जाताना गल्ल्यावर आठवीतल्या पोराला बसवणं. १८ खालच्या माणसाच्या हातून तंबाखू विकली जाऊ नये असा स्पष्ट नियम आहे. तुमचं स्वतःचं पोर असलं तरी. आणि पुड्यांची माळ चॉकलेटच्या बरणीशेजारी, पोराच्या हाताला येईल अशी लावू नका.

माल घेताना पाकीट उलटून पाहा. दोन्ही बाजूंना चित्र नसेल, जुनंच छोटं चित्र असेल, नंबर नसेल, तर तो माल घेऊ नका. परदेशी चोरटी सिगारेट बहुतेक अशीच येते. इशारा नसलेला माल विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बनवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत. चित्रावर किमतीचं स्टिकर चिकटवणंही महागात पडेल. गुटख्याला तर दोन्ही राज्यांत बंदीच आहे, त्याच्यावर चित्र आहे का हा प्रश्नच नाही.

शाळेपासून ठरावीक अंतरात तंबाखू विकायला मनाई आहे. ते अंतर शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत मोजायचं असतं, फाटकापासून रस्त्यानं वळसा घालून नव्हे. मूळ कायद्यात १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर ४४ सेंमी. १०० मीटर धरून मोजा म्हणजे वाद राहत नाही. (शाळांनीही हेच करावं. पुष्कळ मुख्याध्यापक फाटकापासून मोजतात आणि मागच्या भिंतीला टेकलेली टपरी सुटून जाते.) तक्रार करायची तर पोलीस ठाण्यात आणि जिल्हा आरोग्य कार्यालयाच्या तंबाखू नियंत्रण कक्षात, लेखी, नकाशाच्या कागदावर टपरी आणि अंतर दाखवून.

आम्ही तंबाखू पिकवतो. सासूबाई सकाळी मिश्री लावतात, मालक चुना मळतात. मुलाला पाकिटावरचं चित्र दाखवून काय होणार? त्याला घरात पोत्यानं तंबाखू दिसते.
*गृहिणी, निपाणीजवळील गाव*

ताई, तुमचा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे. निपाणीची विडी-तंबाखू म्हणजे या भागाचं पोट. १९८१ चं शेतकरी आंदोलन याच पिकाच्या दरासाठी झालं. त्या घरात पोराला ‘तंबाखू म्हणजे विष’ म्हटलं तर ते विचारणारच, की मग आपण काय विकतो.

त्याला पीक आणि व्यसन वेगळं करून सांगा. शेतात काम करताना दिसणारं उदाहरण हाताशी आहे. दवानं भिजलेली पानं उघड्या हातानं खुडली की निकोटीन कातडीतून रक्तात जातं; मळमळ, चक्कर, डोकेदुखी होते. न खाता, न ओढता. तोच पदार्थ गालात तासभर धरला तर काय होत असेल, हे पोराला तिथंच कळतं. ओल्या पानांत मुलांना कामाला लावूच नका, आणि मोठ्यांनी पूर्ण बाह्या आणि हातमोजे वापरावेत.

घरी तव्यावर भाजलेल्या मिश्रीवर कुठलाच इशारा नसतो. लहान मूल आजीच्या डबीतून बोट लावतं, हीच पुष्कळदा सुरुवात असते. २०१९ च्या देशव्यापी शालेय पाहणीत १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के तंबाखू वापरत होते, आणि चघळण्याची तंबाखू घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी वयाच्या दहा वर्षांआधीच ती चाखली होती. म्हणून डबी वर ठेवा, हवं तर कुलपात. सासूबाईंना सोडा म्हणून भांडण करण्याआधी एवढं तरी नक्की जमेल. मालकांनी पोराला ‘जा, पुडी आण’ म्हणणं बंद करावं. त्या एका फेरीत पोराला दर, दुकान आणि ओळख, तिन्ही मिळतात.

मुलगा आधीच घेत असेल तर मारझोड नको. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत वाईट: चिडचिड, झोप उडणं, अभ्यासात लक्ष न लागणं. दोन ते चार आठवड्यांत ते ओसरतं. तलफ येते ती काही मिनिटांची असते. पाणी, बडीशेप, एक फेरफटका, एवढ्यात ती वेळ निघून जाते. पहिल्याच आठवड्यात घरातलं कुणी त्याच्यासमोर मळत बसलं तर मात्र केलेलं सगळं पाण्यात.

भाचा नुसता पानमसाला खातो, त्यात तंबाखू नाही. चालेल ना?
*वाचक, चिक्कोडी*

नाही. सुपारी स्वतःच कर्करोग घडवणारी आहे, आणि तिनं गालाची आतली कातडी कडक होत जाते. शिवाय बाजारात पानमसाला आणि जर्दा दोन वेगळ्या पुड्यांत मिळतो आणि पोरं एकत्र करून खातात. भाच्याला तीन बोटांची परीक्षा करायला सांगा: तोंड पूर्ण उघडून मधली तीन बोटं एकावर एक, उभी, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये जायला हवीत. दोनच गेली, किंवा ठेचा पूर्वीपेक्षा जास्त झोंबतोय, गाल आतून पांढुरका दिसतोय, तर याच आठवड्यात दंतवैद्याकडे न्या. कडक झालेला गाल पूर्ववत होत नाही. आज सोडलं तर तिथं थांबण्याची शक्यता वाढते.