मधेच सगळे उभे का राहिले?

प्रश्न : गेल्या डिसेंबरात लेकीकडे बॉस्टनला होते. जावईबापूंनी ‘मसाया’ या येशूवरच्या मोठ्या गायनाच्या कार्यक्रमाची तिकिटं काढली, तिथे दरवर्षी नाताळाआधी असतो म्हणे. मी हौसेनं इरकल नेसून गेले. बऱ्याच वेळानं ‘हालेलूया’ हे समूहगान सुरू झालं आणि अख्खं सभागृह उठलं. मला वाटलं संपलं. शाल-पर्स उचलून निघाले, तर लेकीनं पदर ओढून थांबवलं. हा काय प्रकार? आणि नाताळाचं म्हणावं, तर बाळाचा जन्म केव्हाच उरकला होता!
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, जन्माचं तुम्ही बरोबर पकडलंत. ‘मसाया’ म्हणजे मराठी बायबलातला ‘मशीहा’, येशू. हेंडेल या संगीतकारानं १७४१ मध्ये अवघ्या २४ दिवसांत हे लिहून काढलं. तीन भागांतला पहिलाच काय तो जन्माचा. ‘हालेलूया’ येतं दुसऱ्याच्या शेवटी, मरण आणि पुनरुत्थान होऊन गेल्यावर. पहिला प्रयोगही डब्लिनला १३ एप्रिल १७४२ रोजी झाला, ईस्टरआधीच्या ऐन उपासकाळात. त्या पैशातून कर्जापायी तुरुंगात पडलेले १४२ जण सुटले. गर्दी मावावी म्हणून बायकांना घेरदार झग्याखालचे सांगाडे आणि पुरुषांना तलवारी घरी ठेवून यायला सांगितलं होतं. तुमच्या इरकलीला कुणी अडवलं नसतं! नाताळाशी गाठ पडली ती पुढच्या शतकात. बॉस्टनची हेंडेल अँड हेडन सोसायटी ही संगीतसंस्था १८५४ पासून दरवर्षी हे गाते.

आता उभं राहणं. सांगतात ते असं, की १७४३ मध्ये लंडनला दुसरा जॉर्ज राजा ‘हालेलूया’ ऐकून उठला. मग बाकीचे बसतील कसे? गोष्ट झकास, पण राजा तिथे होता याला त्या वेळचा पुरावा नाही. ती लिहिलेली सापडते १७८०च्या एका पत्रात, तीही ऐकीव. तरी लोक उठतात. मी गायकवृंदात, म्हणजे आधीपासूनच उभा. ही पंचाईत मला कधी आली नाही.

माझी पंचाईत निराळी. शेवटी चार ‘हालेलूया’ धडाधड येतात, मग एकदम सगळं थांबतं, वाद्यंसुद्धा. आणि त्यानंतर एकच, संथ, पसरलेलं ‘हालेलूया’. ही मधली शांतता मोजायची असते. आमच्या चर्चमध्ये एका नाताळला सोल-फाच्या, म्हणजे अक्षरांत सूर लिहिलेल्या कागदावर बोट ठेवून मी बास, म्हणजे पुरुषांचा सगळ्यात खालचा आवाज, गात होतो. पान उलटलं, मोजणी चुकली, आणि भरल्या चर्चमध्ये मी एकट्यानं खणखणीत ‘हा’ लावला. ऑर्गनवाल्या बाईंचे खांदे हलताना मला मागून दिसत होते. फराळाला करंजी वाढतानाही त्यांनी तेवढंच म्हटलं, ‘हा?’ आमची मंडळी अजून मला हा-काका म्हणतात.